यशस्वी वार्धक्य

यशस्वी वार्धक्य : उतारवयात शरीर, बुद्धी व सामाजिक संबंध यांची शक्य तेवढी कार्यक्षमता टिकवून आणि अटळ हानीशी जुळवून घेऊन व्यक्तीने स्वतःस मोलाचे वाटणारे जीवन जगणे, यास जराविज्ञानात यशस्वी वार्धक्य म्हणतात. रॉबर्ट हॅविगर्स्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ मध्ये या विषयावर लिहिलेल्या लेखानंतर ही संज्ञा विशेष प्रचारात आली. पुढे ‘सक्रिय वार्धक्य’, ‘निरामय वार्धक्य’ अशा संज्ञाही वापरात आल्या. पण यांपैकी एकही निर्दोष नाही. एकाचे वार्धक्य यशस्वी म्हटले, की दुसऱ्याचे अयशस्वी ठरते आणि अंथरुणास खिळलेल्या वृद्धेच्या आयुष्यावर असा शेरा मारण्याचा अधिकार शास्त्रास कोठून आला, हा प्रश्न उरतोच.

विषय मात्र जुना आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायनतंत्रास स्वतंत्र स्थान आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा असून त्यात औषधिद्रव्यांबरोबरच सत्य बोलणे, क्रोध न करणे, झोप व जागरण यांचे प्रमाण राखणे इ. आचरणासही रसायनाचे गुण सांगितले आहेत. आश्रमव्यवस्थेत उत्तरायुष्य हा गृहस्थाश्रमातून क्रमाने बाहेर पडण्याचा काळ मानला गेला. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या वार्धक्यविषयक संवादग्रंथात म्हातारपणावरील नेहमीच्या आक्षेपांचे एकेक करून खंडन केले आहे.

वृद्धाने संसारातून अंग काढून घ्यावे की गुंतून राहावे, हा वाद आधुनिक काळात निराळ्या वेशात पुढे आला. एलेन कमिंग व विल्यम हेन्री यांनी १९६१ मध्ये असे प्रतिपादन केले, की वृद्ध व समाज यांनी परस्परांपासून हळूहळू दूर होणे स्वाभाविक असून दोघांसही हितावह असते. हॅविगर्स्ट व त्यांचे सहकारी यांचा भर याउलट मध्यम वयातील उद्योग व संबंध शक्य तितके चालू ठेवण्यावर होता. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु दोन्ही मते सर्वांस एकच माप लावू पाहतात. एखाद्यास नातवंडांच्या गलबल्यात समाधान लाभते, तर दुसऱ्यास चार जुन्या स्नेह्यांपलीकडे कोणी नको असते. शिवाय आपण होऊन दूर होणे आणि दूर सारले जाणे यांत फरक आहे.

जॉन रो व रॉबर्ट कान यांनी १९८७ मध्ये ‘सर्वसामान्य’ व ‘यशस्वी’ वार्धक्य असा भेद केला. वयाबरोबर होणारी म्हणून जी हानी गृहीत धरली जाते, तिचा बराच भाग आहार, व्यायाम, सवयी व परिस्थिती यांमुळे ओढवतो आणि म्हणून टाळता येतो, हे त्यांनी दाखविले. ही त्यांची मोठी कामगिरी होय. रोग व अपंगता यांचा अल्प संभव, उच्च शारीरिक व बौद्धिक क्षमता आणि जीवनातील सक्रिय सहभाग हे तीन निकष त्यांनी १९९७ मध्ये मांडले. मात्र हे निकष काटेकोरपणे लावल्यास बहुसंख्य वृद्ध त्यांतून गळतात. कॅलिफोर्नियातील अ‍ॅलमीडा परगण्यात ६५ ते ९९ वर्षे वयाच्या ८६७ व्यक्तींची पाहणी झाली (निष्कर्ष प्रसिद्ध २००२). तिच्यात या निकषांना उतरणारे सु. १९ टक्केच निघाले. पण आपले वार्धक्य चांगले जात आहे असे स्वतः सांगणारे सु. ५० टक्के होते. संधिवात, मधुमेह, मंद दृष्टी यांसह जगणाऱ्या पुष्कळांना आपले आयुष्य फसले असे वाटत नाही, हा या तफावतीचा अर्थ होय. त्यामुळे रोग आहे की नाही यापेक्षा तो असतानाही व्यक्तीस काय करता येते, या प्रश्नास महत्त्व येते.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पायांच्या स्नायूंत सापडते. खुर्चीतून वा जमिनीवरून हाताच्या आधाराशिवाय उठता येणे ही साधी गोष्ट वृद्धाचे स्वावलंबन ठरविते. स्नायूंची शक्ती वयाबरोबर घटते हे खरे. पण निष्क्रियतेने ती कितीतरी वेगाने घटते. लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ पासून मार्जरी वॉरेन यांनी असाध्य म्हणून वर्षानुवर्षे बिछान्यात ठेवलेल्या वृद्धांची नव्याने तपासणी केली. त्यांपैकी पुष्कळांना रोगापेक्षा बिछान्यानेच पंगू केले होते. योग्य उपचार व हालचाल यांनंतर ते चालू लागले आणि काही घरी परतले. बॉस्टन येथे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शुश्रूषागृहातील नव्वदीच्या आसपासच्या दहा व्यक्तींना आठ आठवडे वजनांचा व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्यांची पायांची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक वाढली. आपल्याकडे आईवडिलांच्या हातातून पाण्याचा तांब्यादेखील काढून घेण्याची प्रेमळ चाल आहे. तिचा पुनर्विचार झाला पाहिजे.

बौद्धिक क्षमतेचे चित्रही समजतात तितके निराशाजनक नाही. वॉर्नर शाय यांनी सीॲटल येथे १९५६ मध्ये सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासातून असे दिसले, की तरुण व वृद्ध यांच्या चाचण्यांतील तफावतीचा काही भाग वयाचा नसून पिढीचा, म्हणजे शिक्षण व संधी यांतील फरकाचा असतो. आकलनाचा वेग मंदावतो. शब्दसंपत्ती व व्यवहारज्ञान पुष्कळ काळ टिकते. बहिरेपणाची उपेक्षा मात्र महागात पडते. ऐकू न येणारा माणूस संभाषणातून बाजूस पडतो आणि बहिरेपणाची गणना आता स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत होते.

हानी झाल्यावर काय करावे, याचे सर्वांत उपयुक्त विवेचन पॉल व मार्गारेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९० मध्ये केले : मोजकी उद्दिष्टे निवडणे, त्यांवर अधिक श्रम घेणे व उणिवेची अन्य मार्गाने भरपाई करणे. वृद्ध पियानोवादक आर्थर रूबिनस्टाइन कमी रचना वाजवीत, त्यांचा अधिक सराव करीत आणि द्रुत भागापूर्वी लय मुद्दाम संथ ठेवीत, म्हणजे तो भाग अधिक वेगवान भासे. आपल्याकडेही पट्टी उतरवून गाणारा वयस्क गवई आणि नांगर सोडून बियाण्याची निवड स्वतःकडे ठेवणारा शेतकरी हेच करतात, नाव न देता. धोंडो केशव कर्वे यांनी ७८ व्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचे काम सुरू केले, तर पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा अखेरचा खंड ते ८२ वर्षांचे असताना १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही उदाहरणे अभिमानाने सांगितली जातात; तथापि असामान्यांचे वार्धक्य हे सामान्यांचे माप होऊ शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात व्यक्तीची अंगभूत क्षमता व भोवतालची परिस्थिती यांच्या मेळास केंद्रस्थान दिले. तेच गुडघे एका घरात परावलंबी ठरतात व दुसऱ्या घरात नाहीत. उकिडवे बसण्याचा संडास, ओली गुळगुळीत न्हाणी, कठडा नसलेला अंधारा जिना, एस. टी.ची उंच पायरी यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणाचे तरी बाहेर पडणे बंद करते. भिंतीत बसविलेली लोखंडी दांडी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वा नीट बसणारी कवळी यांनी साधणारे हित कित्येक महागड्या बलवर्धकांनी साधत नाही.

भारतात हा प्रश्न पैशाशीही जखडलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ६० वर्षे व त्यांवरील लोकसंख्या सु. १०·४ कोटी होती व तीपैकी सु. ७१ टक्के ग्रामीण भागात राहत होती. शेतमजुरास निवृत्तिवय नसते. हातपाय थकले की मजुरी थांबते. स्वयंपाकघरातून स्त्रीस निवृत्ती मिळत नाही आणि वैधव्यानंतर घर व जमीन तिच्या नावे नसली, तर तिचे स्वास्थ्य इतरांच्या मर्जीवर राहते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यांसंबंधीच्या २००७ च्या कायद्याने न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला आहे. वृद्धाने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली असेल व ती अट मोडली गेली, तर ते हस्तांतरण रद्द ठरविण्याची तरतूदही त्यात आहे. परंतु ज्याच्या घरात राहायचे त्याच्याच विरुद्ध अर्ज करण्यास अनेक आईबाप धजत नाहीत आणि घर मुलाच्या नावे करताना अशी अट लिहून घेणे त्यांना अपमानाचे वाटते.