कुलपाच्या पोटात काय असतं?

कुलूप दिसायला साधं. पण आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत त्याचा कारखानाच काढला!

आमच्या दाराच्या कुलपात पितळी नळी आहे. तिच्यात स्प्रिंगवर बारीक पिना बसवलेल्या. बरोबर किल्ली घातली की पिना एका रेषेत येतात अन् नळी फिरते.

आजीची किल्ली अलिबागच्या बाजारात पडली. कुणाला सापडली तर? आई घर सोडून मासळी विकायला जाईना. मग सुतारदादांनी फक्त नळी बदलली. जुनी किल्ली निकामी झाली, कुलूप तेच राहिलं. नवी नळी आणताना जुनी मापाला न्यावी.

आपल्याकडे वारा खारा, लोखंड लवकर गंजतं. म्हणून कुलूप पितळेचं घ्यावं. किल्ली अडली तर पेन्सिलच्या शिशाची पूड टाकावी. तेलाला वाळू चिकटते.