निवृत्ती जाहीर झाली, प्रेक्षकांनी मात्र ती मानली नाही : कन्नड ‘बिग बॉस’ आणि सूत्रसंचालकाच्या निरोपाचा अर्थ

बंगळुरू : दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालक निवृत्तीची घोषणा सहसा पर्व संपताना करतो. शेवटचा भाग, पुष्पगुच्छ, जुन्या क्षणांची चित्रफीत आणि डोळ्यांच्या कडा ओलावलेला निरोप असा त्याचा ठरलेला क्रम असतो. अभिनेते किच्चा सुदीप यांनी हा क्रम मोडला. कन्नड ‘बिग बॉस’चे अकरावे पर्व २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाले आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, १३ ऑक्टोबरच्या रविवारी, त्यांनी समाजमाध्यमावर एक संदेश लिहिला. पर्वाला मिळालेल्या प्रतिसादाबद्दल त्यांनी प्रेक्षकांचे आभार मानले, अकरा पर्वांच्या प्रवासाचा उल्लेख केला आणि सूत्रसंचालक म्हणून हे आपले शेवटचे पर्व असल्याचे सांगितले. हा निर्णय वाहिनी आणि प्रेक्षक मान्य करतील, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली.

प्रेक्षकांनी तो मान्य केला नाही. आठ महिन्यांनी सुदीप परतले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बारावे पर्वही त्यांनीच सुरू केले. एका मनोरंजन कार्यक्रमातील ही घडामोड एरवी चित्रपटविषयक पुरवणीपुरती राहिली असती. परंतु या आठ महिन्यांत प्रेक्षकांनी जी मते मांडली, त्यांवरून सूत्रसंचालक आणि घरी बसून त्याला पाहणारा माणूस यांच्यातील नाते नेमके कशावर उभे असते, याची कल्पना येते.

घोषणेनंतरचे पहिले दिवस तर्कवितर्कांत गेले. वाहिनीने सुदीप यांना योग्य वागणूक दिली नाही, असा अनेकांचा ग्रह झाला आणि त्यावर चित्रफितींचा पूर आला. अखेर सुदीप यांनाच पुन्हा लिहावे लागले की, वाहिनीशी आपला कोणताही वाद नाही आणि निर्णयाचा अर्थ सरळ घ्यावा. पुढे मुलाखतींतून त्यांनी थकव्याचे कारण दिले. प्रेक्षकांमध्ये स्थूलमानाने तीन सूर होते. त्यांच्याशिवाय कार्यक्रम पाहणार नाही, असे म्हणणारा वर्ग सर्वांत मोठ्या आवाजात बोलत होता. अकरा पर्वे पुरेशी झाली, आता नवा चेहरा यावा, असे म्हणणारेही होते. तिसरा गट निवृत्ती खरी मानायलाच तयार नव्हता. लोकप्रियता वाढवण्याची ही युक्ती आहे, असे त्याचे म्हणणे होते. सुदीप काही स्पर्धकांना झुकते माप देतात, ही जुनी तक्रारही याच काळात पुन्हा वर आली. विशेष म्हणजे, ही तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण त्यांनी जाऊ नये, असेही म्हणत होते.

या विसंगतीचे मूळ कार्यक्रमाच्या रचनेत आहे. जॉन डी मोल यांच्या कल्पनेतून १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झाला, तेव्हा त्याचे मुख्य आकर्षण घर आणि त्यातील माणसे हेच होते. भारतात २००६ मध्ये हिंदीत ‘बिग बॉस’ आला आणि हळूहळू शनिवार-रविवारचे भाग चित्रपट ताऱ्याच्या ताब्यात गेले. पाच दिवस घरात भांडणे, रुसवेफुगवे, कट आणि मैत्री चालते. प्रेक्षक हे सारे पाहतो, मनात निवाडाही करतो, पण घरातल्या कोणालाही तो जाब विचारू शकत नाही. शनिवारी सूत्रसंचालक येतो आणि प्रेक्षकाच्या वतीने तो जाब विचारतो. कन्नडमध्ये या भागाचे नाव ‘वारद कथे किच्चन जोते’, म्हणजे ‘आठवड्याची गोष्ट, किच्चासोबत’. चांगले वागणाऱ्या स्पर्धकासाठी सुदीप टाळ्या वाजवतात. ‘किच्चन चप्पाळे’ या नावाने ओळखली जाणारी ही दाद स्पर्धकांना एखाद्या पदकासारखी वाटते. मराठी प्रेक्षकांना हे अपरिचित नाही. महेश मांजरेकर यांची ‘चावडी’ आणि रितेश देशमुख यांचा ‘भाऊचा धक्का’ हे याच कामाचे मराठी अवतार. ‘चावडी’ हा शब्द तर फारच नेमका होता. गावातला तंटा जिथे सुटतो, ती जागा.

चावडीवरचा न्याय सर्वांना पटतोच असे नाही. पण चावडीच उठून गेली तर काय, ही धास्ती वेगळी असते. सुदीप यांच्यावर पक्षपाताचा ठपका ठेवणारा प्रेक्षक त्यांना थांबवूही पाहत होता, ते यामुळेच.

कन्नडबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तेथे कार्यक्रमाचे घर बदलले, वाहिनी बदलली, सूत्रसंचालक मात्र बदलला नाही. मार्च २०१३ मध्ये पहिले पर्व ईटीव्ही कन्नडवर आले, दुसरे सुवर्ण वाहिनीवर आणि तिसऱ्यापासून तो कलर्सच्या वाहिन्यांवर स्थिरावला. पहिल्या दोन पर्वांचे घर तर कर्नाटकात नव्हतेच. ते महाराष्ट्रात, लोणावळ्याला होते. तिसऱ्या पर्वापासून ते बंगळुरूजवळच्या बिडदीत आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील चित्रनगरीला लागलेल्या आगीत ते जळाले आणि पुन्हा उभारले गेले. या साऱ्या काळात शनिवारी दिसणारा माणूस एकच होता. ‘हुच्च’ या २००१ च्या चित्रपटातील भूमिकेमुळे ‘किच्चा’ हे नाव मिळालेले आणि ‘ईगा’तील खलनायकामुळे कर्नाटकाबाहेरही पोहोचलेले सुदीप कन्नड घरांत ‘बिग बॉस’चे दुसरे नाव झाले.

घोषणेनंतरच्या आठवड्यात जे घडले, त्याने चर्चेचा रोखच बदलला. सुदीप यांच्या मातोश्री सरोजा बंगळुरूच्या रुग्णालयात दाखल होत्या. शनिवारी, १९ ऑक्टोबरला, चित्रीकरण सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी त्यांची प्रकृती बिघडल्याचा निरोप आला. त्यांना कृत्रिम श्वसनयंत्रणेवर ठेवल्याचेही कळले. सुदीप यांनी भाग पूर्ण केला आणि मग ते रुग्णालयात धावले. २० ऑक्टोबरच्या सकाळी सरोजा यांचे निधन झाले. आईच्या निधनानंतर लिहिलेल्या दीर्घ संदेशात सुदीप यांनी हा सगळा घटनाक्रम स्वतःच सांगितला. मनात भीती असताना आपण मंचावर उभे होतो आणि हातातले काम पुरे करण्याची शिकवण आईचीच होती, असा त्याचा आशय होता.

तो शनिवारचा भाग प्रेक्षकांनी आधीच पाहिला होता आणि त्यांना काहीही जाणवले नव्हते. नेहमीसारखे प्रश्न, नेहमीसारखी कानउघाडणी. पडद्यावरच्या सहजपणामागे काय असू शकते, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले. ‘आता पुरे’ या निर्णयाकडे त्यानंतर अनेकांनी वेगळ्या नजरेने पाहिले. राहा, राहा म्हणणाऱ्यांतूनच ‘त्यांना जाऊ द्या’ असे म्हणणारे पुढे आले.

पुढच्या शनिवार-रविवारी सुदीप नव्हते. दिग्दर्शक योगराज भट आणि सृजन लोकेश यांनी ती बाजू सांभाळली. दोघेही आपापल्या क्षेत्रातली जाणती माणसे. सृजन यांनी तर ‘मजा टॉकीज’ हा विनोदी गप्पांचा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालवलेला. तरीही पाहुण्याने घरच्यांना रागवावे, तसा थोडा अवघडलेपणा त्या भागांत होता. यात त्यांचा दोष नव्हता. जाब विचारण्याचा अधिकार वाहिनी एका आठवड्यात कोणाला देऊ शकत नाही, तो पर्वागणिक साचत जातो.

हा अधिकार हस्तांतरित करता येतो का, याचा प्रयोग त्याच सुमारास शेजारी चालू होता. तमिळ ‘बिग बॉस’ची पहिली सात पर्वे कमल हासन यांनी केली. ऑगस्ट २०२४ मध्ये चित्रपटांच्या कामाचे कारण देऊन त्यांनी विराम घेतला आणि ६ ऑक्टोबरला विजय सेतुपती यांनी आठवे पर्व सुरू केले. योगायोग असा की, त्याच दिवशी मराठीच्या पाचव्या पर्वाचा अंतिम सोहळा झाला आणि सूरज चव्हाण विजेता ठरला. मांजरेकरांच्या चार पर्वांनंतर रितेश देशमुख यांचे ते पहिलेच पर्व. दोन्हीकडे तुलना अटळ होती. कमल यांच्या प्रदीर्घ, पुस्तकांचे दाखले देत होणाऱ्या बोलण्याची सवय झालेल्यांना सेतुपतींचा थेट, तोडून बोलण्याचा बाज खटकला, तर काहींना तोच मोकळा वाटला. मराठीत मांजरेकरांचा दरारा आणि रितेश यांचा मिश्कील सौजन्याचा सूर यांवर पर्वभर वाद रंगला. तेलुगूत तर पहिल्या तीन पर्वांना ज्युनिअर एनटीआर, नानी आणि नागार्जुन असे तीन वेगळे सूत्रसंचालक लाभले. त्यामुळे तेथे कोणा एकाची गादी तयार होण्याआधीच बदलाची सवय लागली.

सूत्रसंचालक बदलल्याची सर्वांत परिचित कथा अर्थातच ‘कौन बनेगा करोडपती’ची. २००० मध्ये अमिताभ बच्चन यांनी सुरू केलेला हा कार्यक्रम २००७ मध्ये शाहरुख खान यांच्याकडे गेला. लोकप्रियतेत ते कुठे कमी नव्हते, पण स्पर्धकाला धीर देणाऱ्या वडीलधाऱ्या आवाजाची जागा चटपटीत विनोदाने घेतली आणि प्रेक्षकांचे मन रमले नाही. २०१० मध्ये बच्चन परतले. कन्नड आवृत्तीतही असेच घडले. पुनीत राजकुमार यांच्यानंतर २०१८ चे पर्व रमेश अरविंद यांनी केले आणि पुढच्या वर्षी पुनीत पुन्हा खुर्चीत आले. रमेश अरविंद हे काही नवखे नव्हेत. नामवंतांचा जीवनपट त्यांच्या आप्तेष्टांसमक्ष उलगडणारा ‘वीकेंड विथ रमेश’ हा २०१४ पासूनचा कार्यक्रम म्हणजे त्यांचीच ओळख. पण एका खुर्चीतली माया दुसऱ्या खुर्चीत आपोआप येत नाही.

अमेरिकेत रात्री उशिराच्या गप्पांच्या कार्यक्रमांनी या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ अनुभव घेतला आहे. जॉनी कार्सन यांनी तीस वर्षे ‘द टुनाइट शो’ केला आणि २२ मे १९९२ रोजी ते उठले ते कायमचे. पुन्हा नियमित कार्यक्रम त्यांनी केलाच नाही. जे लेनो यांचे उलट झाले. २००९ मध्ये त्यांनी कोनन ओब्रायन यांच्याकडे सूत्रे दिली, काही महिन्यांत ओब्रायन बाहेर पडले आणि मार्च २०१० मध्ये लेनो त्याच मंचावर परतले. २०१४ मध्ये ते खरोखर निवृत्त झाले, पण दिलेली जागा परत घेतल्याचा डाग अनेक प्रेक्षकांच्या मनातून गेला नाही. स्टीफन कोल्बेर यांच्याबाबत तर निवृत्तीचा प्रश्नच उरला नाही. मे २०२६ मध्ये ‘द लेट शो’च बंद करण्याचा निर्णय सीबीएसने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. कारण आर्थिक असल्याचे वाहिनीने सांगितले. राजकीय असल्याचा संशय अनेक प्रेक्षकांनी व्यक्त केला.

सुदीप लेनोंच्या वाटेने परतले, मात्र एक मोठा फरक होता. त्यांच्या जागी कोणी बसलेलेच नव्हते. २६ जानेवारी २०२५ रोजी अकराव्या पर्वाचा अंतिम सोहळा झाला. हावेरी जिल्ह्यातील मेंढपाळ कुटुंबातला लोकगायक हनुमंत मधूनच घरात येऊन विजेता ठरला. त्याला पाच कोटींहून अधिक मते मिळाल्याचे जाहीर झाले. सुदीप यांनी निरोप घेतला. त्यानंतर पाच महिने संभाव्य नावांची चर्चा झाली, पण वाहिनीने एकही नाव पुढे केले नाही. ३० जून रोजी बंगळुरूत पत्रकार परिषद झाली आणि सुदीपच परतत असल्याचे, तेही पुढील चार पर्वांसाठी, सांगण्यात आले.

‘आम्ही तेव्हाच म्हटले होते’ असे म्हणण्याची संधी युक्तीची शंका घेणाऱ्यांना मिळाली. त्यांची शंका निराधार म्हणता येत नाही. निवृत्तीच्या घोषणेने त्या पर्वावर लक्ष खिळले, हे खरेच आहे. मात्र आईच्या आजारपणात मंचावर उभा राहिलेला माणूस थकव्याचे कारण देतो, तेव्हा ते खोटे मानायलाही आधार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कमल हासन मात्र परतले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तमिळचे नववे पर्वही सेतुपतींनीच सुरू केले आणि त्यांच्याविषयीच्या तक्रारींत आता कमल यांचे नाव पूर्वीइतके येत नाही.

परतल्यानंतर दहा दिवसांतच सुदीप यांना वेगळेच काम करावे लागले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी बिडदीतील जॉलीवूड स्टुडिओला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिशीनंतर टाळे लागले आणि स्पर्धकांना घरातून काढून जवळच्या रिसॉर्टमध्ये हलवावे लागले. उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी त्रुटी दूर करण्यासाठी मुदत देण्याच्या सूचना दिल्यावर टाळे निघाले. त्यांचे जाहीर आभार सुदीप यांनी मानले आणि कार्यक्रम सुरूच राहील, हेही प्रेक्षकांना त्यांनीच सांगितले.