धातू एक, वर्तन अनेक : लवण आणि जटिल संयुग

मानखुर्दलगत तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. रोगनिदानात वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यांवर तेथे दीर्घकाळ कार्य झाले आहे. त्यांपैकी टेक्नेशियम-९९एम या सहा तासांच्या अर्धायुष्याच्या धातूचे उदाहरण वैद्यवर्गाने लक्षात ठेवावे असे आहे. सोडियम परटेक्नेटेट या लवणाच्या रूपात शिरेवाटे दिल्यास तो अवटु ग्रंथीत (थायरॉइडमध्ये) साठतो. डीटीपीए या रेणूने बांधून दिल्यास वृक्कांवाटे गाळला जातो. आणि एमडीपीशी जोडून दिल्यास अस्थींकडे जातो. धातू तोच, त्याला कोणी धरले आहे यावर त्याची गती ठरते.

प्रथम परिभाषा स्पष्ट करू. शालेय रसायनशास्त्रात ज्याला ‘क्षार’ म्हणतात, त्याला आपल्या शास्त्रात ‘लवण’ म्हणणे सयुक्तिक होय. कारण यवक्षारादी आपले क्षार दाहक, अल्कधर्मी असतात. आम्ल व अल्क यांच्या संयोगाने लवण बनते. पाण्यात विरघळताच त्याचे आयन सुटे होतात. कासीस (हिराकस) विरघळवल्यास लोह व सल्फेट वेगळे होतात. स्फटिका (तुरटी) हे द्विलवण आहे. तिच्यातून पोटॅशियम, ॲल्युमिनियम व सल्फेट असे तिन्ही मोकळे होतात.

जटिल संयुगात असे घडत नाही. मध्यभागी धातूचा आयन असतो व सभोवतीचे रेणू वा आयन त्याला आपली इलेक्ट्रॉन-जोडी देऊन बांधून ठेवतात. या बांधणाऱ्यांना ‘लिगँड’ म्हणतात. पोटॅशियम फेरोसायनाइडमध्ये लोह असूनही पाण्यात त्याची नेहमीची परीक्षा मिळत नाही, कारण सहा सायनाइडांनी ते वेढलेले असते. या रचनेची उपपत्ती आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडली. १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील हीममधील लोह आणि जीवनसत्त्व बी-१२ मधील कोबाल्ट ही याच प्रकारची निसर्गसिद्ध उदाहरणे होत.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. शिशाच्या विषबाधेत कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए देतात. त्यातील लिगँड कॅल्शियम सोडून शिशाला अधिक घट्ट धरतो व मूत्रावाटे बाहेर नेतो. नावात साम्य असलेल्या डायसोडियम ईडीटीएमध्ये मात्र कॅल्शियमची जागा रिकामी असते. ती तो रक्तातील कॅल्शियमने भरून काढतो. २००५ मध्ये अमेरिकेत शिशाच्या उपचारार्थ दाखल केलेल्या दोन वर्षांच्या बालिकेला चुकून हे दुसरे द्रव्य दिले गेले; रक्तातील कॅल्शियम कमालीचे घटून ती दगावली. नावातील एका शब्दाचा तो फरक होता.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, औषधात अमुक धातू ‘बांधलेला’ आहे, म्हणून ते निर्धोक, असे अनुमान तपासणीविना करू नये. बंध किती घट्ट आहे व जठरातील आम्लात तो टिकतो का, हे प्रयोगशाळेतच कळते. दुसरी, धातुघटित औषध घेणाऱ्या रुग्णात उदरशूल, मलावरोध व पांडुता एकत्र दिसल्यास औषध तत्काळ थांबवून रक्तातील शिशाचे प्रमाण तपासावे. ते वाढलेले आढळल्यास रुग्णास सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. ईडीटीएसारखी द्रव्ये आपल्या चिकित्सालयात देऊ नयेत.

रसशास्त्राने द्रव्याच्या नावाइतकेच त्याच्या संस्काराला महत्त्व दिले आहे. आधुनिक रसायनशास्त्रही वेगळ्या भाषेत रूपाचेच महत्त्व सांगते.