बारा व्होल्टची दिवाळी

दिवाळीला घरी गेलं की आईचं वाक्य ठरलेलं असतं, "इंजिनिअरिंगला आहेस ना? मग दारावरच्या एलईडीच्या पट्ट्या तूच लाव." इलेक्ट्रिकल असो की सिव्हिल, सुटका नाही. म्हणून हा लेख.

गणपतीत आम्ही मेन रोडवरून पाच-पाच मीटरच्या दोन पट्ट्या आणल्या, एकीच्या शेपटाला दुसरी जोडली आणि सप्लाय खाली बोर्डापाशी ठेवून बारीक वायर मखरापर्यंत नेली. बाप्पाच्या एका बाजूला लखलखाट, दुसऱ्या बाजूला मिणमिण! वायरला हात लावला तर गरम. होस्टेलचे वायरमन काका म्हणाले, "अरे, बारा व्होल्टला इतकं लांब पळवू नका रे!"

गणित सोपं आहे. मीटरला ६० मोठे (५०५०) एलईडी असलेली पट्टी मीटरमागे साधारण १४.४ वॅट घेते, म्हणजे पाच मीटरला ७२ वॅट. २३० व्होल्टच्या बाजूला हा अर्धा अँपिअरही नाही. घरच्या लाईटच्या सर्किटला त्याचं काहीच ओझं नाही. पण ७२ भागिले १२ केलं की ६ अँपिअर! ०.५ चौ. मिमी तांब्याची वायर पाच मीटर नेली, तर जाण्या-येण्याच्या १० मीटर तारेचा रोध सुमारे ०.३६ ओहम. म्हणजे दोन व्होल्टच्या वर वाटेतच गळाले. २३० मधून दोन गेले तर पत्ता लागत नाही, १२ मधून गेले की अंधार.

म्हणून दारावरचा ट्यूबचा पॉइंटच वापरा. एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा, ट्यूब काढा आणि त्याच फेज-न्यूट्रलवर एसएमपीएस जोडा. भिंतीवरचा जुना स्विच तसाच चालतो. एसएमपीएस पट्टीजवळच ठेवा. ७२ वॅटला १०० वॅटचा घ्या, काठोकाठ नको. पट्ट्या दोन असतील तर सप्लाय त्या हिशोबाने मोठा घ्या आणि प्रत्येकीला वेगळी वायर द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिडकोतल्या किंवा गावाकडच्या जुन्या घरात ट्यूबच्या पॉइंटला बहुधा दोनच वायरी असतात, अर्थिंग नसतं. जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस तिथे तसाच लावला आणि आत बिघाड झाला, तर पत्र्यालाच करंट येतो. "न्यूट्रललाच अर्थ जोड" हा जुगाड तर त्याहून वाईट. न्यूट्रल कुठे तुटला की अख्खा पत्रा २३० व्होल्टवर! एकतर वायरमनकडून बोर्डातून तिसरी वायर ओढून घ्या, नाहीतर प्लॅस्टिकच्या बंद डब्याचा, चौकोनात चौकोन अशी खूण असलेला सप्लाय घ्या. ती खूण म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. त्याला अर्थ लागत नाही.

एवढं केलंत की दिवे नीट लागतील. आई शेजारच्या काकूंनाही अभिमानाने सांगेल. आणि पुढच्या दिवाळीत त्यांच्या दारावरच्या पट्ट्यासुद्धा तुमच्याच गळ्यात!