घरच्या चलच्चित्रांचें संकलन

पूर्वीं घरांत मंगलकार्य झालें म्हणजे छायाचित्रकारास बोलावून एकच मोठें छायाचित्र काढवीत. तें भिंतीवर टांगलें जाई आणि तीन पिढ्या त्याकडे पाहत. आज प्रत्येकाच्या खिशांत चलच्चित्र टिपणारें यंत्र आहे. मुंजीपासून गौरीच्या आरतीपर्यंत कशाचेंहि चित्रण व्हावयाचें राहत नाहीं. परंतु झालेलें चित्रण पुन्हां पाहतो कोण? सात मिनिटांच्या तुकड्यांत पहिलें मिनिट कोणाच्या तरी पाठीचें, पुढचीं दोन जमिनीचीं, आणि पाहावयाचें तें मध्येंच कोठें तरी दडलेलें! फुलें टोपलीभर, पण सूत्र नाहीं म्हणून हार नाहीं, अशी ही स्थिति आहे.

हें सूत्र ओंवण्याच्या विद्येस चित्रपटवाले संकलन म्हणतात. इंग्रजींत या कामासाठीं कापण्याचा शब्द सर्रास वापरतात. मराठीनें जुळविण्याचा शब्द पसंत केला. दोन्ही शब्दांत अर्धें अर्धें सत्य आहे, हें आम्हांस साठी उलटल्यावर शिकावें लागलें. तो अनुभव इतर कुटुंबांस उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

प्रसंग असा घडला. आमचे काका गेले. त्यांच्या ८१ व्या वर्षीं सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा झाला होता, तेव्हां घरांतील पांच मोबाइलांवर मिळून ४३ तुकडे टिपले गेले होते; एकूण लांबी सुमारें तीन तास. वर्षश्राद्धास सर्व मंडळी जमणार, त्यांस काकांचें वीस मिनिटांचें एक सलग चित्र दाखवावें, असें घरांत ठरलें. पैसे देऊन बाहेरून काम करून घेतां आलें असतें. परंतु काकांचें कोणतें बोलणें ठेवावें आणि कोणतें गाळावें, हें परक्यास कसें कळावें? म्हणून काम आमच्याकडे आलें. गुरु म्हणून लाभली आमची सोळा वर्षांची नात. चाळीस वर्षें फळ्यापुढें उभे राहिलेल्या माणसास बांकावर बसण्याचा योग आला.

आमची पहिली अडचण होती ती भीतीची. काकांचें मूळ चित्रण आपल्या हातून कापलें जाईल आणि पुन्हां मिळणार नाहीं, या धास्तीनें हात पुढें होईना. ही भीति जुन्या काळीं अगदींच अनाठायीं नव्हती. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हां त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं कच्च्या फिल्मच्या कडेस छिद्रें पाडण्यापर्यंतचीं कामें स्वतः केलीं. त्या काळीं फिल्म खरोखरच कात्रीनें कापावी लागे आणि तुकडे चिकटवून जोडावे लागत. पुढें संगणक आला. १९७१ मध्यें ‘सीएमएक्स ६००’ आणि १९८९ मध्यें ‘ॲव्हिड’ अशीं यंत्रें अमेरिकेंत निघालीं, आणि कात्री न लावतां, वाटेल त्या क्रमानें चित्रें जुळवितां येऊं लागलीं. तेव्हां हीं यंत्रें मोठ्या संस्थांसच परवडत. आज तेंच काम घरच्या साध्या संगणकावर होतें.

आम्हीं वापरलेल्या कार्यक्रमाचें नांव केडेनलाइव्ह. २००२ मध्यें त्याची रचना सुरू झाली. स्वयंसेवक तो घडवितात आणि तो विनामूल्य मिळतो. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर तो चालतो. याच जातीचे शॉटकट, ओपनशॉट इत्यादि दुसरेहि कार्यक्रम आहेत. एक नीट आला म्हणजे दुसरा शिकण्यास फारसे सायास पडत नाहींत, कारण मांडणी बहुतेक सर्वांची सारखीच असते.

ही मांडणी गृहिणींस लगेच समजेल. पडद्याच्या एका बाजूस ‘प्रोजेक्ट बिन’ असते. ती कोठीची खोली. सारा शिधा तेथें ठेवावयाचा. खालीं आडवी पसरलेली ‘टाइमलाइन’ ही पंगत. कोणता पदार्थ कोणत्यामागून यावा, हें तेथें ठरतें. तींत वरच्या ओळी चित्राच्या आणि खालच्या ध्वनीच्या असतात. तिसरा भाग ‘मॉनिटर’. वाढलेलें कसें दिसतें हें तेथें पाहावयाचें. कोठींतून तुकडा उचलून पंगतींत ओढून सोडला कीं काम सुरू झालें.

आरंभीं पांच कळा पुरतात. मोठी लांब कळ दाबली कीं चित्र चालूं लागतें आणि पुन्हां दाबली कीं थांबतें. ‘एक्स’ दाबली कीं कात्री हातीं येते, ‘एस’ दाबली कीं पुन्हां साधा बाण. डाव्या-उजव्या बाणाच्या कळांनीं एकेक चित्र मागें-पुढें जातां येतें. मोबाइलवर सामान्यतः सेकंदाला ३० चित्रें घेतलीं जातात, तेव्हां एका मिनिटांत १८०० चित्रें झालीं, आणि त्यांतील कोणत्याहि एकावर आपणांस बोट ठेवतां येतें. पांचवी युक्ति ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ एकदम दाबण्याची. तिनें केलेली चूक मागें घेतां येते. नवशिक्यानें ही युक्ति सर्वांत आधीं पाठ करावी.

आम्हीं भीत भीत पहिला काप घातला, नको तो भाग पुसला, आणि लगेच विचारलें, “मूळ चित्रण गेलें ना?” नात हंसून म्हणाली, “आजोबा, कापलेलं कुठंच जात नाहीं. फक्त दिसत नाहीं.”

हें उत्तर ऐकून आम्ही चकितच झालों. पाणिनीनें व्याकरणांत लोपाची व्याख्या ‘नाश’ अशी केलेली नाहीं. वर्ण न दिसणें म्हणजे लोप, असें तो सांगतो. आम्ही तें मुलांना वर्षानुवर्षें शिकवीत आलों, आणि येथें तोच नियम पडद्यावर वागत होता! संगणकाची कात्री मूळ तुकड्यास स्पर्शहि करीत नाहीं. ‘अमुक तुकडा अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत दाखवावा’ एवढीच सूचना ती लिहून ठेवते. कापलेल्या तुकड्याची कड धरून पुन्हां ओढली कीं गाळलेला भाग जसाच्या तसा परत येतो. हें एकदां समजलें म्हणजे हात मोकळा होतो.

परंतु अर्धवट समजलेलें ज्ञान घातक होतें, याचाहि प्रत्यय आम्हांस चवथ्याच दिवशीं आला. काम जपून ठेवल्यावर संगणकांत एक छोटीशी फाइल तयार झालेली दिसली. काकांचें सारें चित्रण तिच्यांतच आलें, असें समजून आम्हीं मूळ तुकडे पुसून टाकले. दुसऱ्या दिवशीं उघडून पाहतों तों कार्यक्रम म्हणतो, तुकडे सांपडत नाहींत! त्या फाइलींत नुसत्या सूचना आणि तुकड्यांचे पत्ते होते, चित्रें नव्हतींच. पाकक्रिया लिहिलेला कागद कोठींत ठेवून शिधा बाहेर फेंकावा, तसें आम्हीं केलें. सुदैवानें नातीनें सर्व तुकडे आधींच दुसरीकडे उतरवून ठेवले होते. तेव्हां वाचकांस आग्रहाची सूचना अशी कीं, प्रथम सर्व तुकड्यांच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. कामाच्या प्रतीस एकच कप्पा करावा, तुकड्यांस ‘०१ पूजा’, ‘०२ औक्षण’ अशीं क्रमानें नांवें द्यावीं, आणि त्यानंतर काम संपेपर्यंत तो कप्पा हलवूं नये व नांवें बदलूं नयेत. काम पुरें झाल्यावर ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’ या सोयीनें सूचना आणि तुकडे एकत्र बांधून ठेवतां येतात.

आतां जोडणीविषयीं. तुकड्याचा मधला भाग पुसला कीं तेथें रिकामी जागा राहते आणि पाहतांना पडदा काळा होतो. पुढील तुकडे मागें सरकवून ती भरून काढावी. दोन तुकड्यांच्या सांध्यावर एक चित्र विरत जाऊन दुसरें उमटावें, अशीहि सोय आहे. नवशिक्यास तिचें फार वेड लागतें. आम्हींहि पहिल्या दिवशीं प्रत्येक सांधा विरघळवून टाकला होता. पाहणारांस झोंप आली. स्थळ किंवा काळ बदलला तरच ही युक्ति वापरावी. एरवीं साधा सांधाच उत्तम.

चित्रापेक्षांहि ध्वनीकडे अधिक लक्ष द्यावें. हललेलें चित्र लोक चालवून घेतात, न ऐकूं येणारें बोलणें कोणी सहन करीत नाहीं. ध्वनिमापकावर शून्य डेसिबलच्या वर आवाज गेला कीं तो फाटतो. बोलण्याचीं उंच टोकें उणे १२ च्या आसपास ठेवावीं म्हणजे बरें पडतें. चित्र व ध्वनि यांची गांठ सोडवून त्यांस निरनिराळ्या जागीं कापतां येतें. काकांचें बोलणें चालूं ठेवून वर पूजेचें चित्र दाखवितां येतें, तें असें. व्याकरणांत प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचें कार्य मागें राहतें. तद्वतच येथें बोलणारा दिसेनासा झाला तरी त्याचा आवाज काम करीत राहतो.

येथपर्यंत सर्व कौशल्याचा भाग झाला. खरी परीक्षा पुढेंच होती.

सत्कारास उत्तर देतांना काका म्हणाले होते, “माझ्या शिक्षणासाठीं कोणी काय सोसलें, हें मी विसरलों नाहीं. माझी थोरली बहीण...” यानंतर ते थांबले. मग म्हणाले, “असो. मी सर्वांचा ऋणी आहें.” मध्यें अकरा सेकंद कांहींच नाहीं, समोरची समई आणि खालीं वळलेली मान. आम्हीं निष्णाताच्या ऐटींत ते अकरा सेकंद कापले व दोन्ही वाक्यें जोडलीं. सांधा इतका बेमालूम झाला कीं आम्ही स्वतःवर खूष झालों.

संध्याकाळीं काकूंना दाखविलें. त्या भागापाशीं येतांच त्या म्हणाल्या, “अरे, हे असं बोललेच नाहींत. वन्संचं नांव निघालं आणि पुढं यांना बोलवेना. तो थांबा कुठं गेला?”

आम्हीं पुन्हां लावून ऐकलें. “माझी थोरली बहीण... असो.” ज्या आत्यांनीं धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं स्वतःची शाळा सोडली, त्यांचें नांव काकांनीं काढलें आणि कंटाळून बाजूस सारलें, असा त्याचा अर्थ होत होता! एक अक्षर आम्हीं घातलें नव्हतें, एक अक्षर गाळलें नव्हतें. गाळली होती ती केवळ शांतता. आणि हें चित्र आत्यांच्या मुलांसमोर लागणार होतें.

रशियांत लेव कुलेशोव या दिग्दर्शकानें सुमारें शंभर वर्षांपूर्वीं एक प्रयोग केला होता. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यानें एकदां रश्शाच्या ताटलीशेजारीं आणि एकदां शवपेटीशेजारीं जोडला. प्रेक्षकांस त्याच चेहऱ्यावर कधीं भूक दिसली, कधीं शोक. अर्थ तुकड्यांत नसतो, सांध्यांत असतो, असा त्याचा निष्कर्ष. हें आम्हीं वाचलें होतें. परंतु आपल्याच घरांत, आपल्याच हातून त्याचा दाखला मिळेल असें वाटलें नव्हतें. नटाच्या बाबतींत तो प्रयोग ठरतो. दिवंगत वडीलधाऱ्यांच्या बाबतींत तें असत्य ठरतें, आणि तें खोडून काढण्यास ते येऊं शकत नाहींत.

आम्हीं त्याच रात्रीं पुढील तुकडे सरकवून जागा केली व कड धरून ओढली. अकरा सेकंद, तीनशें तीस चित्रें, जशींच्या तशीं परत आलीं. लोप झाला होता, नाश झाला नव्हता, म्हणूनच हें शक्य झालें.

शेवटचे सोपस्कार थोडक्यांत सांगतों. नांवें मराठींत द्यावयाचीं तर युनिकोड वळणाचा टाइप निवडावा आणि ‘वर्षश्राद्ध’ हा शब्द लिहून पाहावा. रफार व जोडाक्षर जागेवर बसलें तर टाइप चांगला. चित्रपटांतील गाणें पार्श्वभूमीस लावण्याचा मोह टाळावा. तें दुसऱ्याच्या मालकीचें असतें, शिवाय बोलणें बुडवितें. सर्व झाल्यावर ‘रेंडर’ करावें, म्हणजे सूचनांप्रमाणें एक स्वतंत्र, सलग चित्र तयार होतें. एमपी-४ हा प्रकार बहुतेक मोबाइलांवर व दूरदर्शन-संचांवर चालतो. तयार झालेलें चित्र आरंभापासून शेवटपर्यंत एकदां तरी पाहावें, आणि त्या माणसाच्या सहवासांत जी व्यक्ति सर्वांत अधिक काळ राहिली असेल, तिला शेजारीं बसवून पाहावें. कोणता थांबा रिकामा आणि कोणता भरलेला, हें तीच सांगूं शकते.

वर्षश्राद्धाच्या दिवशीं दुपारीं मंडळी जेवून बसल्यावर चित्र लाविलें. तो भाग आला तेव्हां खोलींत कोणी बोललें नाहीं. चित्र संपल्यावर आत्यांची मुलगी उठून आमच्याजवळ आली आणि म्हणाली, “दादा, मामा थांबले होते, तेवढं पुन्हां एकदां लावतोस?”

आम्हीं लाविलें.