मल्हार गाऊन पाऊस येतो का?



या वेळच्या भित्तिपत्रकाचा विषय पाऊस आहे. बेडूक, छत्री, इंद्रधनुष्य हे सगळे विषय बाकीच्यांनी आधीच घेतले. मी मल्हार रागाबद्दल लिहिते, कारण आमच्या घरी त्यावरून एक गंमत झाली. पण तेव्हा ती गंमत वाटत नव्हती.

यंदा मृगाचा पाऊस चांगला पडला. वडिलांनी दोन्ही रानांत भुईमूग पेरला. मग पाऊस जो गेला तो पंधरा दिवस आलाच नाही. वडील रोज माती उकरून बी बघायचे. घरात कोणी फारसं बोलत नव्हतं. तेव्हा मला गुरुजींनी सांगितलेली तानसेनाची गोष्ट आठवली.

तानसेन अकबर बादशहाच्या दरबारात गात असत. अकबराचे राज्य १५५६ ते १६०५ पर्यंत होते. तानसेनांनी दीपक राग गायला तेव्हा दिवे आपोआप पेटले आणि त्यांच्या अंगाची आग आग झाली. मग मल्हार गायला गेला, पाऊस कोसळला आणि ती आग शांत झाली, अशी दंतकथा आहे. तानसेनांना मियाँ म्हणत. म्हणून त्यांच्या नावाच्या मल्हाराला मियाँ मल्हार म्हणतात. त्यांची कबर ग्वाल्हेरला आहे.

माझे आबा भजनात पेटी वाजवतात. तरुणपणी ते एका बुवांकडे थोडं गाणं शिकले होते. मी म्हणाले, “आबा, तुम्ही मल्हार म्हणा ना, म्हणजे पाऊस येईल.” आबा हसले नाहीत. म्हणाले, “आधी मल्हार काय असतो ते तरी ऐक.”

मल्हार एक नाही, पुष्कळ आहेत. गौड मल्हार, सूर मल्हार, रामदासी मल्हार. मेघ हाही पावसाचाच राग. त्यात सा रे म प नि एवढेच सूर, आणि नि कोमल. ग आणि ध घ्यायचेच नाहीत. मी स्वतः पेटीवर वाजवून पाहिलं, जमतं.

मियाँ मल्हार मात्र अवघड आहे. त्यात कोमल आणि शुद्ध असे दोन्ही नि येतात, तेही अगदी जवळजवळ. कोमल ग एका जागी उभा राहत नाही, झोक्यासारखा हळूहळू हलतो. त्याला आंदोलन म्हणतात. पेटीवर ते निघत नाही, कारण पट्टीचा सूर जागचा हलत नाही. म्हणून आबांनी पेटी बाजूला सारली आणि खालच्या आवाजात गायला लागले. लांब डोंगरापलीकडे ढग गुरगुरतात ना, तसं वाटलं. आमची मांजर उठून बाहेर गेली.

एरवी रागांच्या वेळा ठरलेल्या असतात. भैरव सकाळी, भूप रात्र पडताना. पण पावसाळ्यात मल्हार कधीही गायला चालतो.

या रागांतल्या गाण्यांत काळे ढग, वीज, मोर आणि पपीहा नेहमी असतात. ‘गुड्डी’ या १९७१ च्या चित्रपटात वाणी जयराम यांनी गायलेलं पपीह्याचं गाणं मियाँ मल्हारातलंच आहे. संगीत वसंत देसाईंचं. आबांनी मला विचारलं, पपीहा म्हणजे कोण? मला माहीत नव्हतं. तो म्हणजे आपला पावशा! गाण्यात तो ‘पिया पिया’ करतो आणि आपल्या शिवारात ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’. पक्षी तोच. त्या दिवशीही तो ओढ्याकडे ओरडत होता, आणि आमचं तर पेरून झालं होतं.

गाणं संपल्यावर मी अंगणात जाऊन आभाळ बघितलं. एकही ढग नव्हता. मला रडू आलं. आबा म्हणाले, “पाऊस समुद्रावरच्या वाऱ्यानं येतो, पोरी. माझ्या गळ्यानं कसा येईल? पण वाट बघताना गाता येतं.”

पाऊस पाचव्या दिवशी आला. वरच्या रानातलं बी तोवर जळून गेलं होतं, ते पुन्हा पेरावं लागलं. खालचं मात्र वाचलं. पाऊस आला तेव्हा आबा गात नव्हते. ते शिडीवर चढून कौलं सारखी करत होते, आणि मी खाली शिडी धरून भिजत होते.