पेन्सिलीच्या रेषेतले आभाळ

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा बसथांबा आहे. कुठे सिमला आणि कुठे पुणे! भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून हे नाव पडले. पुढे मुख्य कार्यालय दिल्लीला गेले, पण हवामानाचे नकाशे पुण्यात निघतच राहिले. त्याच कामात माझ्या उमेदीची वर्षे गेली.

आज मोबाईलवर ढग सरकताना दिसतात. तेव्हा सारे हाताने काढावे लागे. ठरलेल्या वेळी घेतलेल्या नोंदी देशभरातून टेलिप्रिंटरवर येत. पाच-पाच आकड्यांचे ते गट उलगडून आम्ही नकाशावर उतरवीत असू. प्रत्येक ठिकाणी एक बारीक वर्तुळ. आभाळाचे आठ भाग धरून त्यातले किती झाकले, ते वर्तुळात भरायचे. वारा जिकडून येतो तिकडे दांडी, तिला वेगाचे काटे. वायुभार १००८.४ मिलिबार असेल, तर नुसते ०८४ लिहायचे. मग दोन-दोन मिलिबारच्या अंतराने समभार रेषा ओढायच्या. रेषा दाटीने आल्या, की वारा जोराचा समजावा.

आमची आई बिगारी कामावर जाई. मी घरी आलो, की वस्तीतल्या आयाबाया विचारीत, “भाऊ, उद्या पाऊस हाय का?” पाऊस म्हणजे काम बंद. त्या दिवशीची चूल कशी पेटायची? त्यामुळे नकाशा माझ्यासाठी नुसता कागद नव्हता.

नवा होतो तेव्हाची गोष्ट. अरबी समुद्रातल्या एका जहाजाचा आकडा भोवतालच्या आकड्यांपेक्षा बराच कमी होता. मी तो चुकीचा समजून सोडला आणि छान गोलाईदार रेषा ओढली. वरिष्ठांनी पाहिले व म्हणाले, “रेषा सुंदर आहे, पण हा आकडा का टाकला?” आम्ही त्याच जहाजाच्या आधीच्या नोंदी काढल्या. वायुभार सतत उतरत होता. मी मुकाट्याने रेषा खोडून पुन्हा काढली. पुढच्या नकाशावर तिथेच कमी दाबाचे क्षेत्र स्पष्ट झाले. मासेमारीच्या होड्या त्याच समुद्रात जातात, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

परंपरा सांगते किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. विहारात हे अनेकदा ऐकले होते. त्याचा अर्थ मला त्या खोडलेल्या रेषेने शिकवला. आपल्याला सोयीचा नाही म्हणून खरा आकडा टाकायचा नसतो.

आयाबहिणींनो, यंदाच्या पावसाळ्यात मुलांना एक काम द्या. तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा सरळ डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहायला सांगा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. मोजून झाले की डबा रिकामा करावा. डबा कोरडा असेल, तर शून्य लिहावे. अंदाजाने काही लिहू नये.

जयभीम!